वानखडे सिस्टरची मोहर

रिठ्याचा वास मला अजूनही सहन होत नाही. सुनेनं केसांसाठी रिठे भिजत घातले की मी सरळ उठून ओट्यावर जाऊन बसते. तिला वाटतं, सासूबाईंना सगळ्यातच खोड काढायची सवय आहे. ती आहेच, नाही कशाला म्हणू? पण रिठ्याचं कारण वेगळं. त्या वासाबरोबर जी भीती उठते ती एका सतरा वर्षांच्या पोरीची आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी ती विरलेली नाही. आता घरात सगळ्यांनी धरलंच आहे की आजी, लिहून काढ, तर हे एवढं एकदा लिहून मोकळी होते.

आमचं घर खामगावात, सराफ्याच्या मागच्या गल्लीत. पुढं बाबांचं दुकान, मध्ये कामाची खोली, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. दुकान म्हणजे आताच्यासारखी काचेची कपाटं नव्हेत बरं. एक गादी, एक तिजोरी, एक तराजू आणि गादीच्या मागं खिळ्यांवर ताणलेला निळ्या फुलांचा पडदा. पडदा धुऊन धुऊन आखडला होता, जमिनीपासून वीतभर वर लोंबायचा. सकाळी जिनिंग मिलचा भोंगा झाला की माय चुलीपुढं बसे आणि बाबा शेगडीपुढं. इकडं ज्वारीच्या भाकरीची थपथप, तिकडं हातोडीची टिकटिक. कापसाच्या हंगामात रुईचे तंतू घरभर उडायचे. ते पिठात पडायचे, बाबांच्या मिशीत अडकायचे आणि अंबाडीच्या भाजीतसुद्धा सापडायचे. बाबा फुंकणी तोंडात धरून ज्योत वाकवायला लागले की घरात कोणी बोलायचं नाही, असा दंडक होता. फुंक तुटली तर झाळ, म्हणजे सोन्याचा सांधा, बिघडते. त्यामुळं आमच्या घरातली भांडणंसुद्धा थांबत थांबत व्हायची. माय अर्ध्या वाक्यावर थांबायची, बाबांची फुंक संपली की राहिलेलं अर्धं बोलायची.

माझ्याकडं उजाळ्याचं काम होतं. मॅट्रिकला मी गणितात गचकले, आणि बाबा एवढंच म्हणाले, "बस मंग इथं." आजोबांनी घालून दिलेला नियम असा की आपल्या दुकानात आलेलं सोनं मळकं परत जायचं नाही. नथीचा फासा सरळ करायला येवो की पोतीचा मणी बदलायला, काम झालं की ते उजळून द्यायचं, आणि उजाळ्याचा पैसा घ्यायचा नाही. रिठ्याचं कोमट पाणी, पितळी तारांचा ब्रश, मळ हट्टी असला तर पातळ केलेल्या तेजाबाचे दोन थेंब. बायका आपलीच पोत हातात घेऊन हरखून जायच्या. "वो माय, हे माहीच हाये का?" असं एखादी म्हणाली की माझा दिवस सोन्याचा व्हायचा. गणितात नापास झालेल्या पोरीचं तेवढंच एक कौतुक होतं गावात.

वानखडे सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. मला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस ड्युटी संपवून त्या आमच्या घरी येऊन बसल्या होत्या, कपाळावर पट्ट्या ठेवत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दवाखान्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये एक कॉट, एक बुद्धाची छोटी मूर्ती आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक मोहर, असा त्यांचा संसार. मोहर त्यांच्या आजीची. आजी दाई होती. कोण्या कापसाच्या व्यापाऱ्याची सून अडली होती, ती आजीनं मोकळी केली, पोरगा झाला, तेव्हा व्यापाऱ्यानं ही मोहर दिली. "दिली म्हंजे वरून टाकली पदरात," सिस्टर सांगायच्या. "हाताले हात लागू नये ना आमचा. मोहर चालते, हात नाही चालत." आणि हसायच्या. आजीनं तिला कडी झाळून घेतली आणि मरेपर्यंत घातली, मग आईनं, मग यांनी.

एक दिवस त्या ती मोहर घेऊन बाबांकडं आल्या. तीन महिन्यांनी रिटायर होणार होत्या, म्हणजे क्वार्टर सोडावं लागणार. नांदुरा रोडला दोन खोल्यांचं एक घर त्यांनी बघून ठेवलं होतं, दारात कडुनिंब असलेलं. त्यासाठी पैसा लागणार होता आणि मोहरीशिवाय त्यांच्याकडं काही नव्हतं. नागपूरचे एक रिटायर इंजिनियर साहेब जुनी नाणी गोळा करायचे. नातेवाइकाला बघायला दवाखान्यात आले असताना त्यांना सिस्टरच्या गळ्यातली मोहर दिसली होती. मोगलांच्या वेळची, बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीतली, अक्षरं पूर्ण असलेली. असं नाणं सहसा सापडत नाही, म्हणाले. गुरुवारी येऊन घेऊन जातो.

"सोनार भाऊ, कडी तेवढी काढा," सिस्टर म्हणाल्या. "बाकी तिले हात लावू नका. आहे तशीच पाहिजे म्हने साहेबाले, मळासकट."

हे मी पडद्याआडून ऐकलं. ऐकलं, समजलं, पण पटलं नाही. मळासकट? मळकं सोनं कोणाला पाहिजे असतं? मोठ्या लोकांची काहीतरी थट्टा असेल, सिस्टरनं भोळेपणानं खरी मानली असेल, असं मी ठरवून टाकलं. आता माझा नातू मोबाइलवर मला दाखवतो, जुनी नाणी प्लास्टिकच्या बंद डब्यांत ठेवलेली, खाली किंमत, आणि हातसुद्धा लागलेला नको अशी अट. "आजी, सोन्यापेक्षा जुनं नाणं घेतलेलं बरं का, गुंतवणूक म्हणून?" असं विचारतो. मी म्हणते, घे, पण घरात रिठे ठेवू नको. तो हसतो. त्याला काय माहीत.

बाबांनी दोन सकाळी त्या कडीवर घालवल्या. आग दाखवली तर मोहरीचा रंग बदलेल म्हणून आग नाही. केसाएवढ्या करवतीनं कडी कापली आणि उरलेली झाळ कानशीनं कणाकणानं उतरवली. शेवटी काठावर कडीची तांदळाच्या दाण्याएवढीही खूण राहिली नव्हती. बाबा स्वतःच्या कामाचं कौतुक कधी करायचे नाहीत. त्या दिवशी जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "असं काम पुन्हा होनार नाही माह्या हातून." मग मोहर डबीत घालून गादीजवळच्या खणात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, लग्नघरचे दागिने पोचवायला रेल्वेनं जलंबला गेले.

त्या दुपारी मी डबी उघडली. मोहरीच्या अक्षरांच्या खाचांत तांबूस काळा मळ भरलेला होता, आजीचा, आईचा, सिस्टरचा घाम असेल तो. मला वाटलं, आपल्या दुकानातून ही अशी जाणार? ज्या बाईनं आपल्याला मरणातून ओढून काढलं तिचं सोनं मळकं द्यायचं? गुरुवारी डबी उघडल्यावर सिस्टरचं तोंड कसं उजळेल, ते मी डोळ्यांसमोर बघत होते. रिठ्यानं मळ निघेना. ब्रश फिरवला. थोडा निघाला. मग तेजाब घेतलं आणि हौसेच्या भरात पातळ करायचं विसरले. बोटं चुरचुरली, पण मोहर लखलखायला लागली. एवढी की खिडकीतल्या उन्हात तिचा कवडसा भिंतीवर पडला.

तेवढ्यात ओट्यावर चपला वाजल्या आणि सिस्टर आत आल्या. मी मोहर फडक्यात गुंडाळून मांडीखाली दाबली.

"बाबा नाहीत का वो सुमे? काही नाही, सहज आली. आज त्या घरमालकाले सांगून आली, शुक्रवारी पैसे देतो म्हनून." त्या गादीच्या कडेला टेकल्या. किती खुशीत होत्या! "साहेब सोन्याच्या भावाच्या चौपट देऊन राह्यले, बाप्पा. म्या इचारलं, मळाचा एवढा भाव काऊन? तं म्हने, मळ म्हंजे त्या नाण्याचं वय हाये. घासलं, एक ओरखडा दिसला, तं खाली फक्त सोनं उरते. मंग ते माह्या कामाचं नाही."

मी हूं म्हणाले. मांडीखाली मोहर टोचत होती. त्या अजून काय काय बोलल्या, कडुनिंबाखाली खाट टाकीन म्हणाल्या, तू येत जाजो म्हणाल्या. माझ्या कानात नुसता घूं आवाज भरला होता. 

मायला सांगितलं. मायनं मला मारलं नाही, त्यानंच मी जास्त भ्याले. तिनं मोहर उन्हात धरली. ब्रशच्या बारीक रेघा सगळ्या अंगावर उठल्या होत्या. बाबांची गाडी यायला दोन तास होते. त्या दोन तासांत आम्ही मायलेकींनी जे केलं ते आठवलं की हसूही येतं आणि काटाही येतो. चुलीची काजळी खोबरेल तेलात कालवून अक्षरांत भरली. बोट लागलं की निघून आली. हळद लावून पाहिली. गवरीच्या धुरावर धरली. तुळशीच्या ओल्या मातीत पुरून काढली. प्रत्येक वेळी ती फडक्यानं पुसली की पुन्हा तशीच निर्लज्जासारखी लखलखीत. "सोनं हाये वो ते," माय खाली बसत म्हणाली, "त्याले काय होत नाही. हेच तं त्याचं."

मग तिनं दुसरी भीती माझ्या पदरात घातली, जी मला सुचलीच नव्हती. "घर जाईन सिस्टरचं, ते तं जाईनच. पन आता ही नवीन मोहरीसारखी दिसून राह्यली. साहेब म्हनन, बदलली. माह्या मामाचं नांदुऱ्याचं दुकान होतं. एका बाईनं भर रस्त्यात म्हनलं, माहं सोनं बदललं. बदललं नव्हतं वो. पन मामा त्या दिवसापासून गादीवर बसला नाही." सोनाराच्या घरात 'बदललं' हा शब्द आजाऱ्यासमोर मरणाचं नाव घेऊ नये तसा टाळत. मी तो पहिल्यांदा आमच्या घरासाठी ऐकला.

"बाबाले सांगू का?"

"सांगजो. आज नको. थकून येनार हाये तो."

बाबा आले, डबी न उघडताच त्यांनी ती तिजोरीत टाकली आणि किल्ली जानव्याला बांधली. आता तर काही करायचंही हातात राहिलं नाही. सोमवारी सांगीन म्हटलं. सोमवारी बाबा मिशीत गुणगुणत होते, त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग मंगळवारावर ढकललं. मंगळवारी मायनं वांग्याचं भरीत केलं, माझं आवडतं. मी ताट तसंच सरकवलं. जिनिंगचा भोंगा वाजला तरी दचकायची. दारात कोणीही आलं की वाटायचं, साहेब आले, आधीच आले. बोटांची कातडी पांढरी पडून सोलायला लागली होती, ती मी ओढणीत लपवत होते. बुधवारी तर कहरच झाला. बाबांनी तिजोरी उघडली, डबी काढली आणि भिंग घेऊन मला हाक मारली. "ये सुमे, पाह्य तं खरं, कडी कोठी होती ते सापडते का तुले." त्यांचा अंगठा डबीच्या झाकणावर होता. मी कोपऱ्यातला रिठ्याच्या पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, पायानं उलटवला. पाणी कामाच्या खोलीभर पसरलं, बाबा "अगं अगं" करत हत्यारं उचलायला धावले आणि डबी पुन्हा तिजोरीत गेली. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. गंज उलटवायला धीर झाला, सांगायला झाला नाही.

गुरुवारी बाजाराचा दिवस, गल्लीत गर्दी. अकराच्या सुमारास सिस्टर आणि साहेब आले. साहेब पांढऱ्या शर्टातले, बोलायला फार सभ्य. सिस्टरनं इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. मी पडद्यामागं, फटीला डोळा लावून. बाबांनी डबी साहेबांपुढं धरून झाकण काढलं, आणि मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, पण ती पाठ मला कळली. ती ताठ होती, ती खाली आली.

साहेबांनी मोहर चिमटीत धरून भिंगाखाली बराच वेळ पाहिली. मग हळूच म्हणाले, "सोनारबुवा, मी दवाखान्यात पाहिलं ते नाणं हे दिसत नाही. बदललंय का?"

ओट्यावर दोघंतिघं बाजारकरू टेकले होते. ते बोलायचे थांबले. तो शब्द आमच्या दुकानात उच्चारला गेला. बाबा मान वळवून जमिनीकडं, पडद्याच्या बाजूला, बघत राहिले. मला वाटलं, त्यांना चक्कर येते आहे. पडदा बाजूला करायला एक हात पुरला असता. माझे दोन्ही हात ओढणीत होते. ते मी काढले नाहीत.

"नाही साहेब," बाबा म्हणाले. "मोहर तीच हाये. म्याच उजाळली. सवयीनं हात गेला."

ज्या माणसानं उभ्या जन्मात गुंजभर खोट केली नाही, तो माणूस हे बोलला.

"सिस्टर, तुम्ही सांगा," साहेब म्हणाले. सिस्टरनं मोहर हातात घेतली. पाहिली नाही. डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि एका जागी थांबवला. "इथं काठ टोचते, पयलेपासून," त्या म्हणाल्या. "ड्युटीवर बसल्या बसल्या तीस वर्षं इथंच अंगठा घासला म्या. हीच हाये माही."  आमचं दुकान वाचलं. सिस्टरचं घर मात्र त्याच क्षणी गेलं, कारण साहेबांनी भिंग खिशात ठेवलं होतं. ते वाईट वाटून म्हणाले, आता मी सोन्याच्या भावापलीकडं जाऊ शकत नाही. सिस्टर म्हणाल्या, मग राहू द्या, सोन्याच्या भावात आजी नाही विकत मी. बाबांनी फरक भरून देतो म्हणून हात जोडले. "कोठून देसान भाऊ?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायला म्हणून पडदा सारून आत आल्या.

मी भिंतीला चिकटले होते. त्यांनी पाणी घेतलं नाही. माझे हात ओढणीतून काढले, बोटं उलटसुलट करून पाहिली, पिशवीतून मलमाची नळी काढली आणि एकेका बोटाला लावली. "दोन दिवस भांडे घासू नको," म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना काही कळलं नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी मला शेगडीपुढं बसवलं. सिस्टरनं गळ्यात घालायला पुन्हा कडी लावून मागितली होती; ती मोहर, कडी आणि फुंकणी माझ्यापुढं ठेवली. मी कधी झाळ दिली नव्हती. "हात थरथरला तं चालते," बाबा म्हणाले, "फुंक थरथरू देऊ नको." ती कडी मी लावली. त्यापुढं बाबा त्या विषयावर आयुष्यभर एक अक्षर बोलले नाहीत. गावात झालं, सोनाराची नजर गेली, लोकांच्या वस्तू बिघडवतो म्हणून. निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. बाबांनी ते खाली मान घालून ऐकलं. सिस्टर पिठाच्या गिरणीमागं भाड्याच्या खोलीत गेल्या आणि तिथंच राहिल्या.

बाबा गेले त्या वर्षी मी त्यांच्याकडं गेले. माझ्या पोरी तेव्हा शाळेत जायच्या. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज भिंतीतून येत होता आणि सगळ्या वस्तूंवर पीठ बसलेलं. सिस्टर थकल्या होत्या. मोहर गळ्यात होती, माझी कडी अजून पक्की, आणि अक्षरांत पुन्हा मळ धरला होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. बाबांनी नाही, मी उजाळली होती.

"माहीत हाये मले," सिस्टर म्हणाल्या. "तुह्या बोटायले मलम कोनं लावला? तुह्या बापाचे बोटं चांगले होते."

"मग तेव्हाच बोलल्या काऊन नाही तुम्ही?"

"तुहा बाप जन्मात एकदाच खोटं बोलला, अन तेही भर बाजारात. ते उघडं कसं पाडू म्या?"

मी रडायला लागले. म्हणाले, मला वाटलं होतं बाबांना चक्कर आली, ते खाली बघत होते.

सिस्टरनं माझा कप बाजूला सरकवला. सांगावं की नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाल्या, "पडद्याखालून तुहे पाय दिसून राह्यले होते ना वो बाई. मलेही अन त्यालेही. तो तिकडंच पाहत होता. तू येतं का म्हनून थांबला थोडा वेळ. मंग बोलला."